तुमचे प्रश्न: ११२ चा खर्च कोण उचलतंय?

मागच्या अंकात आम्ही इमर्जन्सी नंबरांबद्दल प्रश्न मागवले होते आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी अशा सगळ्या बाजूंनी ते आले, व्हॉट्सॲपवर तर व्हॉइस मेसेजच जास्त. बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलीय म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, भाषा तुमचीच ठेवलीय, नावं छापलेली नाहीत. पैशाच्या प्रश्नाला जास्त जागा दिलीय. कारण पैसा कोण देतो हे कळलं की जाब कुणाला विचारायचा ते कळतं, आणि आपल्या भागात नेमकी तीच माहिती लोकांपर्यंत पोचलेली नाही. लोक पंचायत मेंबरशी भांडत बसतात आणि त्या बिचाऱ्याच्या हातात त्यातलं काहीच नसतं.

प्रश्न: माझा मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्या फोनच्या बिलात दर महिन्याला ९११ च्या, म्हणजे तिथल्या इमर्जन्सी नंबरच्या नावानं वेगळी रक्कम लागून येते म्हणे. आमच्या बिलात तसलं काय दिसत नाही. मग आमचं ११२ कोण चालवतंय, ग्रामपंचायत, जिल्हा पंचायत की बेंगळुरू? (उचगावचे एक वाचक)

काका, ग्रामपंचायत नाही आणि जिल्हा पंचायत पण नाही. ११२ चालवतं राज्याचं पोलिस खातं, आणि ही सगळी यंत्रणा उभी करायला सुरुवातीचा पैसा आला केंद्राच्या निर्भया फंडातनं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर २०१३ च्या बजेटमध्ये १००० कोटी बाजूला काढून हा फंड केला, त्यातनं देशभरच्या ११२ साठी ३२१.६९ कोटी मंजूर झाले आणि सॉफ्टवेअर, जोडणी वगैरे काम सी-डॅक या केंद्राच्या कॉम्प्युटर संस्थेकडे दिलं. पोलिस, आग, दवाखाना सगळ्याला एकच नंबर ठेवा हे ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं २०१५ मध्ये सुचवलं होतं, प्रत्यक्षात पहिल्यांदा तो हिमाचल प्रदेशात नोव्हेंबर २०१८ ला चालू झाला आणि मग एकेक राज्य जोडत गेलं. तुम्ही उचगावातनं ११२ लावला की फोन जातो बेंगळुरूच्या सेंटरला, तिथला माणूस विचारून माहिती टाइप करतो आणि ती आपल्या भागात फिरणाऱ्या पोलिस गाडीकडे येते. त्या गाडीचं डिझेल आणि गाडीतल्या पोलिसांचा पगार राज्याच्या गृहखात्याच्या बजेटमधनं. म्हणजे यंत्र उभं करायचा पैसा केंद्राचा आणि रोजचा खर्च राज्याचा, असं ढोबळमानानं धरा.

१०८ ची म्हणजे अँब्युलन्सच्या नंबरची गोष्ट वेगळी, ते आरोग्य खात्याचं आहे. आंध्रात १५ ऑगस्ट २००५ ला १०८ सुरू झालं, कर्नाटकात १ नोव्हेंबर २००८ ला आरोग्य कवच या नावानं आलं. गाड्या चालवायचं काम कंत्राटावर एजन्सीला दिलं, पैसा येतो नॅशनल हेल्थ मिशनमधनं ज्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० असा वाटा असतो, वर राज्य आपल्या बजेटमधनं घालतं. ११२ ला फोन करून अँब्युलन्स मागितली तरी ते १०८ कडे देतात, पण पेशंटच असेल तर सरळ १०८ लावलेला बरा, मधला एक हात कमी होतो.

आता बिलाचं. आपण मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी भरतो पण ११२ च्या नावानं वेगळा एक पैसा कापला जात नाही. कंपन्या सरकारला जी लायसन्स फी देतात त्यातला उत्पन्नाच्या ५ टक्क्यांचा भाग खेड्यापाड्यात नेटवर्क पोचवायच्या फंडात जातो, २०२३ च्या टेलिकॉम कायद्यानं त्याला डिजिटल भारत निधी नाव दिलं, पण तो टॉवर आणि केबलसाठी आहे, फोन उचलणाऱ्या माणसाच्या पगारासाठी नाही.

अमेरिकेत मुळापासनंच उलटं आहे. तिथं पहिला ९११ कॉल १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलीविल नावाच्या छोट्या गावात झाला, आणि तेव्हापासनं फोन उचलायचं काम काउंटीकडे नाहीतर शहराकडेच राहिलं. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा, पण बराच लहान आणि स्वतःचा टॅक्स लावणारा. अशी हजारो सेंटर देशभर आहेत. खर्चाला फोनच्या प्रत्येक लाइनमागे महिन्याची फी, ती राज्याराज्यात आणि गावागावात वेगळी, शिकागो शहरात तर लाइनमागे महिन्याला ५ डॉलर आहे. फी पुरली नाही की काउंटी घरपट्टीतनं किंवा सेल्स टॅक्समधनं भर घालते. लोकांना बिलात आकडा दिसतो म्हणून लोक काउंटीच्या मीटिंगला जाऊन विचारतात, आमच्याकडनं एवढे घेता मग फोन उचलायला एवढा वेळ का.

पण तिथं पण सगळं आलबेल आहे असं समजू नका. पहिली भानगड अशी की ही फी लँडलाइनच्या काळात ठरलेली, लँडलाइन गेल्या तसं उत्पन्न पण खाली आलं आणि मोबाइल, प्रीपेड या सगळ्यावर नव्यानं कायदे करत बसावं लागलं. दुसरी म्हणजे काही राज्यांनी ९११ च्या नावानं गोळा केलेला पैसा दुसरीकडेच वापरला. तिथल्या संसदेनं २००८ मध्ये कायदा करून एफसीसी या तिथल्या टेलिफोन खात्याला सांगितलं की दर वर्षी याचा रिपोर्ट द्यायचा, आणि त्या रिपोर्टमध्ये न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांचं नाव परत परत आलंय. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं की कोणत्या राज्यानं पैसा वळवला ते दर वर्षी नावानिशी छापलं जातं. इंग्लंडमध्ये तर तिसराच प्रकार, १९३७ ला लंडनमध्ये ९९९ सुरू झालं, फोन पहिल्यांदा उचलतो टेलिफोन कंपनीचा ऑपरेटर आणि त्याचा खर्च फोन कंपन्यांवर, पुढची पोलिस गाडी मात्र सरकारच्या पैशानं आणि गावच्या कौन्सिल टॅक्समधल्या वाट्यानं चालते.

आपल्याकडे ग्रामपंचायतीनं ठरवलं तरी फोनवर फी लावता येणार नाही. टेलिफोन हा विषय केंद्राचा, पोलिस आणि सार्वजनिक आरोग्य राज्याचे, घटनेच्या सातव्या परिशिष्टातच तशी वाटणी आहे. आणि खरं सांगायचं तर अजून एक कर लावा असं माझं म्हणणं नाहीच, आपण आधीच भरतोय. माझं म्हणणं एवढंच की तालुकावार हिशोब दाखवा. खानापूर तालुक्यात या महिन्यात किती कॉल आले, गाडी पोचायला किती मिनिटं लागली, किती गाड्या गॅरेजला होत्या, हे पंचायतीच्या नोटीस बोर्डावर लागलं पाहिजे. हा पैसा आपलाच आहे, फक्त तो बेंगळुरू आणि दिल्लीवरनं फिरून येतो म्हणून आपल्याला आपला वाटत नाही.

प्रश्न: आमचं गाव बाचीच्या बाजूला, पलीकडे शिनोळी म्हणजे महाराष्ट्र. घरात मोबाइलवर कधी कधी महाराष्ट्राचा टॉवर येतो. अशा वेळी ११२ लावला तर फोन कुठं जाणार? (बेळगाव तालुक्यातला एक कॉलेजचा विद्यार्थी)

साधारणपणे तुझा मोबाइल ज्या टॉवरला लागलाय त्या बाजूला. सिम कर्नाटकचं आहे की महाराष्ट्राचं यावर ते ठरत नाही. त्यामुळे पलीकडच्या टॉवरवर असशील तर फोन महाराष्ट्राच्या सेंटरला लागू शकतो आणि तिथल्या स्क्रीनवर चंदगड तालुका दिसू शकतो. मराठीत बोलायला सोपं पडतं म्हणून माणूस निवांत होतो आणि राज्य सांगायचंच राहतं, इथंच सगळा घोळ होतो. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगायचं: कर्नाटक, बेळगाव जिल्हा, तालुका अमुक, गाव अमुक. काय झालंय ते त्याच्यानंतर. समोरचा म्हणाला आमची हद्द नाही तर फोन ठेवायचा नाही, कर्नाटकला पास करा म्हणून सांगायचं, आणि तेवढ्यात घरातल्या दुसऱ्यानं दुसऱ्या फोनवरनं आपल्या पोलिस स्टेशनचा नंबर लावायचा. तो नंबर आजच सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, घाईच्या वेळी शोधायला जमत नाही.

निपाणी, कोगनोळी बाजूच्या दोघांनी पण हेच विचारलंय, त्यांना पण हेच उत्तर. हायवेवर असाल तर १०३३ पण आहे, तो नॅशनल हायवे अथॉरिटीचा, टोलच्या अँब्युलन्स आणि क्रेन त्याच्यावर मिळतात आणि राज्याची हद्द मधे येत नाही.

गावाचं नाव सांगताना बुद्रुक की खुर्द ते सांगा, दोन कंग्राळी आहेत हे आपल्याला माहीत आहे, बेंगळुरूत बसलेल्याला कुठनं असणार. टॉवरवरनं कळणारं लोकेशन खेड्यात किलोमीटरभर इकडंतिकडं असू शकतं म्हणून मारुती मंदिर, दूध डेअरी, शाळा, पंपहाऊस अशी कुणीही दाखवेल अशी खूण द्या. आणि एक माणूस मेन रोडला उभा करा.

प्रश्न: आमच्या महिला संघाची मागणी आहे की ग्रामपंचायतीनं स्वतःची अँब्युलन्स घ्यावी. जांबोटीच्या पुढं जंगलातली वाडी, पावसात बाहेरनं गाडी यायला फार वेळ जातो. पंचायत म्हणते फंड नाही, आमदार-खासदार फंडातनं मिळेल का? (खानापूर तालुक्यातल्या एक वाचक)

ताई, गाडी मिळणं अवघड नाही, ती चालवणं अवघड आहे. खासदाराला वर्षाला ५ कोटीचा स्थानिक विकास निधी असतो आणि त्यातनं अँब्युलन्स घेता येते, कर्नाटकात आमदाराला पण वर्षाला २ कोटी असतात. पण या निधीतनं रोजचा खर्च देता येत नाही, ना डिझेल, ना ड्रायव्हरचा पगार. गाडी आली की पहिले काही महिने धावते, मग टायर जातात, इन्शुरन्स संपतो, ड्रायव्हर सोडून जातो आणि गाडी कुठल्यातरी शेडमध्ये उभी राहते. तसलं तुमच्या वाडीचं होऊ नये म्हणून आधी हिशोब घालू.

आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे एक जागा चोवीस तास भरायला कमीत कमी साडेतीन माणसं, त्यात सुट्टी, आजारपण, जत्रा, लग्न धरली की चार ते पाच. अँब्युलन्समध्ये एक ड्रायव्हर आणि एक पेशंट बघणारा पाहिजे, म्हणजे एका गाडीला आठ ते दहा माणसांचा पगार. फोन उचलायला वेगळा माणूस ठेवला तर अजून चार-पाच. आता हे सगळं घरपट्टी आणि पाणीपट्टीवर चालणाऱ्या एका पंचायतीला झेपणारं आहे का ते तुम्हीच सांगा. केंद्राच्या फायनान्स कमिशनकडनं पंचायतीला येणारा पैसा पण सगळा मोकळा नसतो, १५ व्या कमिशननं त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता. म्हणून पंचायत फंड नाही म्हणते ते अगदीच खोटं नाही.

मग काय करायचं, तर मागणी थोडी बदला. नवीन गाडी मागण्यापेक्षा १०८ ची एक गाडी पावसाळ्याचे चार महिने जांबोटी-कणकुंबी भागात उभी ठेवा अशी मागणी करा. १०८ च्या गाड्या कुठं थांबवायच्या हे आरोग्य खात्याकडनं ठरतं, त्यामुळे अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला आणि जिल्हा पंचायतीच्या सीईओला. अर्जाला तुमच्याकडची माहिती जोडा: कुठल्या महिन्यात किती बाळंतपणं, साप चावल्याच्या केसेस किती, कुठला ओढा भरला की रस्ता बंद होतो. आशा ताईंकडे आणि पीएचसीत ही माहिती असते. त्या गाडीचा पगार, डिझेल, माणसं सगळं आधीच राज्याच्या खर्चात बसलेलं आहे, फक्त जागा बदलायची आहे, त्यामुळे नाही म्हणायला कारण कमी राहतं.

तरीपण गावानं गाडी घ्यायचंच ठरवलं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, साध्या व्हॅनला सायरन बसवला म्हणजे अँब्युलन्स होत नाही, एआयएस-१२५ म्हणून नियम आहे, त्यात आत काय काय पाहिजे ते लिहिलंय आणि रजिस्ट्रेशन तसंच लागतं. दुसरं, वर्षाचा चालू खर्च कोण देणार ते ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. आपल्याकडे को-ऑपरेटिव्ह सोसायट्या, मंडळं अशा गाड्या चालवतात, तुमच्या भागातल्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यायचं लिहून दिलं तर गाडी टिकते. देणगीच्या भरवशावर टिकत नाही हो, माणसं पहिल्या वर्षी उत्साहानं देतात.

आणि रात्रीच्या बाळंतपणाची वाट बघत बसायचंच नाही. तारीख जवळ आली की पावसाळ्यात पंधरा दिवस आधी पोरीला खानापूर किंवा बेळगावात नातेवाईकाकडे आणून ठेवलं तर निम्मा धोका तिथंच कमी होतो. हे यंत्रणेचं काम टाळायला सांगत नाही, पण रस्ता होईपर्यंत बाळ थांबणार नाही.

प्रश्न: बेळगावात दुकान आहे, घरपट्टी दुकानपट्टी सगळं वेळेवर भरतो. आगीचा बंब महापालिकेचाच ना? (शहापूरचे एक व्यापारी)

नाही. बेळगावात बंब राज्याच्या अग्निशमन खात्याचा आहे, महापालिकेचा नाही. कोल्हापुरात मात्र महापालिकेचा स्वतःचा फायर ब्रिगेड आहे, म्हणून आपल्याकडच्या लोकांना इथं पण तसंच असेल असं वाटतं. गंमत म्हणजे घटनेच्या बाराव्या परिशिष्टात फायर सर्व्हिस हा नगरपालिकांना देता येणारा विषय म्हणून लिहिलेला आहे, पण द्यायचा की नाही ते राज्यानं ठरवायचं, कर्नाटकानं १९६४ च्या कायद्यापासनं तो स्वतःकडे ठेवलाय. तुमच्या घरपट्टीच्या पावतीवर आरोग्य, ग्रंथालय आणि भिक्षेकरी असे उपकर दिसतील, त्यातला कुठलाच बंबासाठी नाही. नंबर १०१ किंवा ११२. गवताच्या गंज्या आणि उसाच्या आगीत लोक आधी बादल्या घेऊन पळतात आणि फोन शेवटी करतात, तसं करू नका, एकानं आधी फोन लावायचा आणि वाटेत विजेची तार खाली लोंबत असेल तर १९१२ वर हेस्कॉमला म्हणजे वीज कंपनीला पण सांगायचं, लाइन बंद झाल्याशिवाय पाणी मारता येत नाही.

प्रश्न: दूधगंगेला पाणी आलं की आम्ही कुणाला फोन करायचा? ११२ का तहसीलदार? (सदलगा भागातले शेतकरी)

पुरासाठी जिल्ह्याची कंट्रोल रूम आहे, नंबर १०७७. मोबाइलवरनं लावताना पुढं बेळगावचा कोड लावा, म्हणजे ०८३१ १०७७, नाहीतर भलत्याच जिल्ह्यात लागण्याची शक्यता असते. ११२ पेक्षा हा खऱ्या अर्थानं आपल्या जिल्ह्याचा फोन आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली डीसी म्हणजे जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख असतात, बोट पाठवायची, निवारा केंद्र उघडायचं, गाव रिकामं करायचं हे निर्णय त्यांच्याकडनंच होतात. पूर आल्यावरच्या मदतीचा पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतनं, त्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५. २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्ही बघितलाय, कोयनेचं आणि राजापूर बंधाऱ्याचं पाणी वरनं सुटलं की खाली कृष्णाकाठाला किती वेळात येतं ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. जीव अडकला असेल, घरावर चढून बसलेत अशी वेळ असेल तर ११२ आणि १०७७ दोन्हीकडे फोन करा. जनावरं हलवायची, चारा, पंचनामा यासाठी १०७७ आणि गावातला ग्राम प्रशासकीय अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्राम लेखापाल. पावसाळ्याच्या आधी पंचायतीत बैठक होते, त्यात बोट कुणाकडे आहे, पोहणारी पोरं कोण, नंबर काय, हे लिहून घ्यायला लावा.

प्रश्न: आई सत्तरीची, मराठी सोडून काय येत नाही. ती एकटी असताना फोन केला तर पलीकडे कन्नडमध्ये बोलतात. काय करावं? (बेळगावच्या एक शिक्षिका)

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि तो खरोखर जिवाचा आहे. आधी आज करता येण्यासारखं सांगतो. आईच्या फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात एक कागद चिकटवा, त्यावर कन्नड वाक्यं देवनागरीत लिहा. "नम्म मने बेळगावी शहापूर" म्हणजे आमचं घर बेळगाव शहापूर, "आंब्युलन्स बेकु" म्हणजे अँब्युलन्स पाहिजे, "बेंकी बिद्दिदे" म्हणजे आग लागलीय. खाली पूर्ण पत्ता आणि तुमचा नंबर. महिन्यातनं एकदा आईकडनं वाचून घ्या. घाबरलेल्या माणसाला चार शब्दच आठवतात, तेवढ्यात काम होतं. हिंदी थोडं येत असेल तर हिंदीत बोला असं सांगायला पण शिकवा. शेजारच्या दोन घरांत किल्ली आणि नंबर देऊन ठेवा.

आता हक्काचं. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे कुठल्याही सरकारी अधिकाऱ्याकडे तक्रार किंवा निवेदन देताना राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, मराठी त्यात येते. ते लेखी निवेदनाबद्दल आहे, फोनवरच्या माणसाला मराठी आलीच पाहिजे असा अर्थ त्यातनं लगेच निघत नाही. पण मागणी करायला कुणी अडवलेलं नाही. ज्या जिल्ह्यात लाखो लोक मराठी बोलतात तिथनं येणारा कॉल मराठी येणाऱ्या माणसाकडे वळवायची सोय झाली पाहिजे. अमेरिकेतल्या बऱ्याच सेंटरमध्ये दुभाष्याला तिसऱ्या लाइनवर घेतात, त्याला प्रत्येक सीटवर वेगळा माणूस लागत नाही, काही मोजकी माणसं सगळ्या सेंटरला पुरतात. हा भाषेचा झगडा म्हणून मांडू नका असं मला मनापासनं वाटतं. तसं मांडलं की दोन्हीकडनं भाषणं होतात आणि आई तिथंच राहते. छातीत कळ आलेल्या म्हातारीचा पत्ता अर्ध्या मिनिटात कळला पाहिजे, एवढंच मांडा, कन्नड बोलणारा अधिकारी पण त्याला नाही म्हणणार नाही. निपाणीतल्या कन्नड म्हातारीचा फोन चुकून महाराष्ट्राच्या टॉवरवर गेला तर तिची अडचण अगदी हीच असते.

प्रश्न: बॅलन्स नसला, रेंज नसली तर ११२ लागतो का? आणि पोरं खेळताना बटण दाबतात त्याचं काय? (नंदगड, लोंढा बाजूचे वाचक)

बॅलन्स नसला तरी लागतो, आउटगोइंग बंद असलं तरी लागतो, पैसे पडत नाहीत. रेंजचं असं आहे की फोनवर "इमर्जन्सी कॉल्स ओन्ली" दिसत असेल तर आपल्या कंपनीचा टॉवर नाही पण दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा आहे, ११२ त्याच्यावरनं जाऊ शकतो, लावून बघायचंच. काहीच सिग्नल नसेल तर मात्र उंचावर जाण्याशिवाय इलाज नाही. २०१७ पासनं विकल्या गेलेल्या मोबाइलमध्ये पॅनिक बटण असलं पाहिजे असा नियम आहे, स्मार्टफोनवर पॉवर बटण भरभर तीन वेळा दाबायचं, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. काही मॉडेलला सेटिंगमध्ये चालू करावं लागतं, आपल्या फोनचं बघून घ्या. पोरानं चुकून दाबलं तर फोन कट करून पळू नका, चुकून लागला म्हणून सांगा. कट केला की ते परत फोन करून विचारत बसतात आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुणाचा तरी जातो.

प्रश्न: अपघात बघितला तरी माणसं थांबत नाहीत, पोलिस स्टेशनच्या चकरा नको म्हणतात. (चिकोडीचे एक रिक्षावाले)

दादा, थांबा आणि फोन करा. याबाबतीत कर्नाटक पुढं आहे, मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा २०१६ मध्ये करणारं हे पहिलं राज्य, आणि २०१९ मध्ये केंद्रानं पण मोटर वाहन कायद्यात कलम १३४-ए घातलं. नाव सांगायची सक्ती करता येत नाही, दवाखान्यात पैसे भरायला थांबवता येत नाही. २०२५ पासनं रस्ता अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना पण आहे, त्यामुळे पैसे कोण भरणार म्हणून थांबू नका.

प्रश्न: हे सगळं विचारायचं कुठं? आमच्या तालुक्याला गाड्या किती, बंद किती, कुणी सांगत नाही. (बऱ्याच जणांचा प्रश्न)

ग्रामसभेत ठराव करा, पण तिथंच थांबू नका कारण निर्णय तिथं होत नाही. तालुक्याची केडीपी मीटिंग, म्हणजे सरकारी कामांच्या आढाव्याची बैठक, आमदारांच्या अध्यक्षतेखाली आणि जिल्ह्याची पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते, तिथं आरोग्य खात्याचे आणि बाकी खात्यांचे अधिकारी समोर बसलेले असतात. तुमचा ठराव पीडीओंच्या म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या सहीनं त्या मीटिंगच्या आधी आमदारांच्या ऑफिसला द्या आणि पोच घ्या. जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतीची मुदत २०२१ मध्ये संपली आणि निवडणूक लांबत गेली, म्हणून पूर्वी जिथं आपला मेंबर उठून विचारायचा ती जागा रिकामी पडली, त्यामुळे केडीपीला जास्त महत्त्व आलंय. हिवाळी अधिवेशन बेळगावातच सुवर्ण विधानसौधात भरतं, तेव्हा आपल्या आमदारांकडनं लेखी प्रश्न टाकून घ्या, लेखी प्रश्नाला लेखी उत्तर येतं आणि ते रेकॉर्डवर राहतं.

आणि माहिती अधिकार आहेच. १०८ साठी जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालय, ११२ साठी एसपी ऑफिस, शहरात कमिशनर ऑफिस. अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्लिशमध्ये द्यायचा. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत असा नियम आहे, म्हणून सगळी गाऱ्हाणी एकाच कागदावर कोंबू नका, परत येतो. असं विचारा: मागच्या वर्षी अमुक तालुक्यातनं महिन्यावारी किती कॉल आले, कॉल आल्यापासनं गाडी पोचेपर्यंत सरासरी किती मिनिटं लागली, किती गाड्या किती दिवस बंद होत्या. ११२ चा अर्ज वेगळा करा. उत्तर आलं तर आम्हाला फोटो काढून पाठवा, तालुक्याच्या नावानं इथं छापू.